पान चौऱ्याऐंशी, ओळ अकरावी

माझे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, यांनी निवृत्तीनंतरची तीन वर्षं साडेचार महिने एकाच आकड्याला भागाकार लावण्यात घालवली. लोक निवृत्त झाले की कुंड्यांना पाणी घालतात, गुडघ्यांची तक्रार करतात, शेजाऱ्यांच्या भानगडीत नाक खुपसतात. आमच्या दाजींनी आकडा धरला. आकडा असा : ९९९९९९३७. वाचूनही दाखवतो, कारण आमच्या घरात वाचून दाखवल्याशिवाय कशावर कोणाचा विश्वास बसत नाही. नऊ कोटी नव्व्याण्णव लाख नव्व्याण्णव हजार नऊशे सदतीस. दाजींना या आकड्याकडून एकच गोष्ट हवी होती. तो मूळ संख्या निघावा.

मूळ संख्या म्हणजे शाळेत शिकलेलं तेच. एक आणि ती स्वतः सोडून जिला दुसऱ्या कशानेही भाग जात नाही, ती. पाच, सात, अकरा वगैरे. आता नऊ कोटींच्या वरचा एखादा आकडा मूळ आहे की नाही, याने कोणाचं काय अडतं, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. दाजींनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचा चहा बशीत न ओतता मुकाट्याने प्यायलो.

तर दाजी छापखान्यात होते, मुद्रितशोधक. साध्या भाषेत प्रूफरीडर. यंत्रघराच्या मागे एक खोली, तिला दुधी काचेची खिडकी, एक टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या. एका खुर्चीत बसणाऱ्याने लेखकाची मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने छापलेल्या प्रूफावर नजर ठेवायची आणि दोन्ही जुळतंय का पाहायचं. वाचायचं म्हणजे सगळं वाचायचं. स्वल्पविराम आला की 'स्वल्पविराम' म्हणायचं, प्रश्न आला की 'प्रश्नचिन्ह' म्हणायचं, आकडा आला की एकेक अंक सुटा वाचायचा. आवाजात चढ नाही, उतार नाही. दिवसाचे आठ तास हे पारायण. याचा परिणाम माणसावर होतोच. दाजी अजूनही मला फोनवर 'येतोस का प्रश्नचिन्ह' असं विचारतात, आणि ताई चिडली की 'पानं वाढली आहेत पूर्णविराम' असं म्हणून आत निघून जाते. नवीन माणसाला वाटतं, या घरात काहीतरी बिघडलंय. तसं बिघडलेलंच आहे, पण ते वेगळ्या कारणाने.

ताईही त्याच छापखान्यात होती. मूळ प्रत वाचणारी, रोजंदारीवर. दाजी तपासणार, ती वाचणार. पण प्रूफाच्या खाली सही फक्त तपासणाऱ्याची. 'तपासले', आणि पुढे दाजींची वळणदार सही. वाचणाऱ्याची सही कोणी मागत नसे, कारण छापखान्याच्या मते वाचायला काय, तोंड असलं की झालं.

चौतीस वर्षांपूर्वी या खोलीत एका प्रोफेसरांचं गणिताचं पुस्तक आलं. कॉलेजने काढलेलं. त्यात पान चौऱ्याऐंशीवर अकराव्या ओळीत एक वाक्य होतं : '९९९९९९९३७ ही मूळ संख्या आहे.' नीट मोजा, सात नऊ आहेत, मग तीन, मग सात. पुस्तक छापून बाहेर आलं तेव्हा त्यात सहाच नऊ होते. खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरने एक नऊ खाल्ला, आणि दाजींच्या सहीने ते प्रूफ पुढे गेलं. प्रोफेसर छापखान्यात आले आणि त्यांनी टेबलावर हात आपटून जो काही शिमगा केला, तो म्हणे यंत्रं चालू असूनही फाटकापर्यंत ऐकू आला. मग शुद्धिपत्र छापलं गेलं. सात दुरुस्त्या, पैकी सहा प्रोफेसरांच्या स्वतःच्या, त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. सातवी दाजींची.

त्या वर्षी दाजी मुख्य मुद्रितशोधक होणार होते. झाले नाहीत. त्यांच्याहून चार वर्षांनी धाकट्या माणसाला ती खुर्ची मिळाली, आणि पुढची तीस वर्षं दाजी त्या माणसाला 'साहेब' म्हणत राहिले. अडतीस वर्षांत एकच चूक, तीही एका नवाची. दाजींच्या बाजूने एकच गोष्ट झाली. शुद्धिपत्र लागलं त्यानंतर चार महिन्यांनी त्यांना माझी ताईही लागली. म्हणजे वडीलधाऱ्यांनी बसून ठरवलं. माझा अंदाज, नुकसानभरपाई म्हणून.

हे सगळं विसरलं गेलं असतं. पण दाजी निवृत्त झाले तेव्हा निरोपसमारंभात मॅनेजरसाहेबांना विनोद सुचला. हार घालून झाला, टेबललॅम्प देऊन झाला, आणि मॅनेजर म्हणाले की यांच्या आयुष्यात एक नऊ सोडला तर कुठेही चूक सापडायची नाही. लोक पोट धरून हसले. मीही मागच्या रांगेत बसून हसलो. दाजीही हसले. फक्त ताई हसली नाही, पण ती तशीही कार्यक्रमात हसत नाही, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

निवृत्तीनंतरचे पहिले दोन महिने दाजींनी घरातलं आणि गल्लीतलं दिसेल ते तपासलं. औषधांच्या बाटल्यांवरची सूचनापत्रकं, लग्नाच्या पत्रिका, समोरच्या सलूनची पाटी. सलूनवाल्याने हात जोडले. मग तपासायला काही उरलं नाही. मग ते रोज सकाळी नऊ वाजता धुतलेला शर्ट घालून, खिशाला लाल पेन लावून पलंगाच्या कडेला बसायचे. जायचं कुठेच नसायचं. जेवायला हाक मारली की उठायचे, जेवायचे आणि पुन्हा तिथेच बसायचे. मी आठवड्यातून एकदा जायचो तर मलाच बसवेना. ताईचा चेहरा उतरलेला. ती नुसती त्यांच्या पाठीकडे बघत राहायची.

आणि एक दिवस त्यांनी ते पुस्तक काढलं. पान चौऱ्याऐंशी.

त्यांचं म्हणणं असं. प्रोफेसरांच्या मूळ प्रतीत सात नऊ होते, छापले गेले सहा. मान्य. पण वाक्य काय आहे? 'ही मूळ संख्या आहे.' आता समजा, सहा नवांचा आकडासुद्धा मूळ संख्याच असेल, तर छापलेलं वाक्य खरं ठरतं. आणि खरं वाक्य छापलं जाणं याला चूक कसं म्हणता येईल? वाचणाऱ्याची दिशाभूल झाली नाही, गणिताचं नुकसान झालं नाही. म्हणजे शुद्धिपत्रातली सातवी दुरुस्ती अनावश्यक होती. अनावश्यक दुरुस्ती हीच मुळात चूक. म्हणजे चूक प्रोफेसरांची. मी हे ऐकून थक्क झालो. एवढं डोकं या माणसाने वेळेवर चालवलं असतं तर वकील झाला असता.

फक्त तो आकडा मूळ आहे हे सिद्ध करायचं होतं. त्यासाठी त्याला मूळ संख्यांनी भागून पाहायचं, आणि तेही सगळ्या नाही, वर्गमुळापर्यंतच्या. याचं वर्गमूळ दहा हजाराला केसभर कमी. दहा हजारांच्या आत मूळ संख्या आहेत एक हजार दोनशे एकोणतीस. त्यांची यादी त्याच पुस्तकाच्या शेवटी होती. त्यातल्या एकीनेही पूर्ण भाग गेला नाही, की झालं. दाजींनी ठरवलं, दिवसाला एक. मी म्हटलं, दाजी, दिवसाला दहा करा, चार महिन्यांत मोकळे व्हाल. त्यावर ते म्हणाले की जास्त केलं की डोळा सरावतो, आणि सरावलेला डोळा चूक खातो. मी म्हटलं, मोबाईलला विचारा, तो एका सेकंदात सांगेल. तेव्हा ते जे बोलले ते मी अजून विसरलो नाही.

"मोबाईल सही करतो का?"

पद्धतही छापखान्याचीच. सकाळी नऊला टेबलाच्या एका बाजूला दाजी, समोर ताई. आकडा पाठ झालेला असला तरी पाठांतरावर विसंबायचं नाही. ताईने पुस्तकातून आकडा वाचायचा, मग आजची मूळ संख्या वाचायची, दाजींनी ऐकून लिहायचं. मग कच्च्या कागदावर भागाकार. मग छापील रकान्याच्या कागदावर पक्की प्रत. मग ताईने कच्चा कागद वाचायचा आणि दाजींनी पक्क्या कागदाशी जुळवायचा. जुळलं की 'तपासले', सही, फाईल. आता एखाद्याच्या लक्षात आलं असेल, माझ्याही तेव्हाच आलं होतं. हे गृहस्थ कच्चं आणि पक्कं जुळतंय का हे पाहत होते. मूळ भागाकार बरोबर आहे का, हे कोणीच पाहत नव्हतं. कच्च्यात गाढव असेल तर पक्क्यातही तेच गाढव सुवाच्य अक्षरात उतरणार. पण अडतीस वर्षं ज्याने मुळाशी जुळलं म्हणजे बरोबर असं मानलं, त्याला हे कोण सांगणार?

मी सांगणार होतो. माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे, दुपारी गिऱ्हाईक नसतं. सुरुवात झाल्याला तीन आठवडे झाले असतील, मी फोनवर तो आकडा टाकला. उत्तर लगेच आलं. सदतीसने भाग जातो. पूर्ण, बाकी शून्य. आणि दाजी तोपर्यंत सदतीस ओलांडून सत्तरीच्या पुढे गेले होते. सदतीस ही बारावी मूळ संख्या. म्हणजे बाराव्या दिवशीच खेळ खलास व्हायला हवा होता, आणि बाराव्या दिवशीच दाजींनी कुठेतरी माती खाल्ली होती. मला इतका आनंद झाला की मी शटर अर्धं ओढून थेट त्यांच्या घरी गेलो.

दाजी आत होते. ताईने मला स्वयंपाकघराच्या दारातच अडवलं आणि माझा चेहरा पाहून ओल्या हाताने माझा कान धरला. पन्नाशीला आलेल्या माणसाचा कान. म्हणाली की तिला माहीत आहे, बाराव्या दिवसापासून माहीत आहे, आणि मी तोंड उघडलं तर या घरातला माझा चहा कायमचा बंद. मी विचारलं, मग त्यांच्या हातून सुटला कसा? ती म्हणाली, सुटला, आणि पाठ फिरवून भांडी घासायला लागली.

मग मी तोंड बंद ठेवलं. खरं सांगतो, मला मजा यायला लागली. पुढची तीन वर्षं मी दर आठवड्याला जाऊन गंभीर चेहऱ्याने विचारायचो, काय दाजी, आज कोण? दाजी सांगायचे, आज चार हजार सातशे एकोणतीस. मी म्हणायचो, वा, काय म्हणतोय? ते म्हणायचे, नाही जात. असा उत्साह त्या 'नाही जात'मध्ये, की एखाद्याला वाटावं पोरगी पास झाली. तापाचे चार दिवस सोडले तर खंड नाही. दाजी खायला लागले, फिरायला जायला लागले, सलूनवाल्याशीही बोलायला लागले. मी मनातल्या मनात हसायचो. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

एक हजार दोनशे एकोणतिसाव्या दिवशी नऊ हजार नऊशे त्र्याहत्तरने भाग गेला नाही. दाजींनी पेनाचं टोपण लावलं, आणि ते रडले. मी तिथे होतो. त्यांना मी त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं, त्यांची आई गेली तेव्हासुद्धा. ताई उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी ते गठ्ठा घेऊन माझ्या दुकानात आले. सगळ्या कागदांची एकेक प्रत काढायची, बांधणी करायची आणि सोबत एक पत्र टाईप करायचं. पत्र कॉलेजला, प्रत छापखान्याच्या मॅनेजरला, फळ्यावर लावण्यासाठी. मजकूर असा की सदर संख्या मूळ असल्याचं सिद्ध झालं असून शुद्धिपत्रातली दुरुस्ती क्रमांक सात मागे घ्यावी. प्रोफेसर वारून बारा वर्षं झाली होती, पण पत्र कॉलेजला होतं, आणि कॉलेज काही वारत नाही. मॅनेजरच्या टेबलावर कॉम्प्युटर होता. पत्र पोचल्यावर एका मिनिटात सगळा छापखाना पुन्हा पोट धरून हसणार होता, आणि या वेळी दाजी तिथे हसून साजरं करायला नव्हते. ते घरी पलंगाच्या कडेला बसणार होते.

मी यंत्र सुरू केलं. प्रत्येक कागदावर वरच्या रकान्यात तोच आकडा, त्याच जागी. एक, दोन, तीन असे कागद सरकत होते आणि बाराव्याला माझा हात थांबला. आकडा एका घराने आखूड होता. पाच नऊ, तीन, सात. भागाकार नीट केला होता, बाकी एकवीस, खाली सही. फक्त आकडाच दुसरा होता. आणि आकडा दाजी मनाने लिहीत नसत, ऐकून लिहीत.

तो कागद घेऊन मी ताईकडे गेलो. दाजी केस कापायला गेले होते. तिने हात पुसले, कागद बघितला आणि खुर्चीत बसली.

"हा नऊ मी गिळला," ती म्हणाली. "मुद्दाम."

मग तिने सांगितलं. सदतीसचा पाढा तिला लहानपणापासून पाठ. सदतीस त्रिक एकशे अकरा. म्हणजे सदतीसने नऊशे नव्व्याण्णवला भाग जातो, म्हणजे सहा नवांना जातो, आणि पुढे शेपटाला उरतात सदतीसच. पुस्तकातून वाचायला तोंड उघडलं आणि तिला ते समोर दिसलं. त्या अकरा दिवसांत माणूस पलंगावरून उठून टेबलाशी आला होता, पोटभर जेवायला लागला होता. सहा नऊ वाचले असते तर दहा मिनिटांत सगळं संपून ते परत पलंगाच्या कडेला गेले असते. म्हणून तिने पाच वाचले. तेव्हा तिला वाटलं, महिनाभर जाईल, मग बघू. महिन्याची तीन वर्षं साडेचार महिने झाले.

मी चेष्टेने म्हटलं, नऊ गिळायची सवयच आहे म्हणायची या घराला, चौतीस वर्षांपूर्वीचा कोणी गिळला होता? ती हसली नाही. म्हणाली, तोही मीच. पण तो चुकून. त्या दिवशी अकराव्या ओळीच्या मधोमध, प्रूफावरून नजर न उचलता, त्याच सपाट आवाजात दाजी तिला म्हणाले होते, 'माझ्याशी लग्न कराल का प्रश्नचिन्ह.' तिची जीभ अडखळली. तीन नऊ झाले होते की चार, तेच विसरली. नजर मूळ प्रतीवरून दाजींसमोरच्या प्रूफावर गेली, तिथे सहा होते, तिने सहा वाचले, जुळले. उत्तर दिलंच नाही, पुढची ओळ वाचली. तेवढ्यात मॅनेजर आत आले. नंतर मोठ्यांनी बसून ठरवलं तेव्हा तिचं उत्तर कोणी विचारलं नाही.

"त्यांना वाटतं, त्यांची नजर चुकली," ताई म्हणाली. "मी चौतीस वर्षं तसंच वाटू दिलं. आता त्यांचं हसं नाही होऊ देणार."

दाजी आले. मानेवर केस, अंगाला सलूनच्या पावडरीचा वास, खुशीत होते. ताई म्हणाली की यंत्रावर जाण्याआधी शेवटचं वाचन व्हायला हवं, मुळावरून, पहिल्या कागदापासून. दाजींना ते इतकं पटलं की आपल्याला कसं सुचलं नाही म्हणून ते स्वतःवरच चिडले. टेबल, दोन खुर्च्या. मी स्टुलावर. पहिले अकरा कागद झाले. बाराव्याला ताईने पुस्तक जवळ घेतलं आणि वाचलं. नऊ, नऊ, नऊ, नऊ, नऊ, नऊ, तीन, सात.

दाजींचं पेन थांबलं. म्हणाले, पुन्हा वाच. तिने पुन्हा वाचलं. दाजींनी समासात खूण केली, अंक सुटल्याची, आणि लाल शाईने नऊ लिहिला. मग कोरा कागद घेऊन भागाकार मांडला. नव्व्याण्णवात सदतीस दोनदा, उरले पंचवीस. दोनशे एकोणसाठात सातदा, उरलं शून्य. पुन्हा तसंच. मग तीन, मग सात, सदतीसात एकदा. बाकी शून्य. त्यांनी ते शून्य दोनदा गिरवलं.

ताईने सगळं सांगितलं. दुसऱ्या नवाचं आधी, पहिल्याचं मागाहून.

"पहिल्याचं माहीत आहे," ते म्हणाले. "सहा ऐकले, सहा पाहिले. माझी नजर नव्हती चुकली."

ताईने विचारलं की मग मॅनेजरला तसं सांगितलं का नाही.

"काय सांगू? वाचणारीला मधेच प्रश्न विचारला म्हणून?" दाजींनी चष्मा काढला. "वाक्य खरं निघालं असतं तर कोणाचीच चूक राहिली नसती. तुझीही."

मग ते माझ्याकडे वळले आणि मला केव्हापासून माहीत होतं ते विचारलं. मी खोटं बोलू शकलो असतो. तीन वर्षांपासून, मी म्हटलं. ते रागावले नाहीत. फक्त एवढंच म्हणाले की म्हणजे घरात एकट्या त्यांनाच माहीत नव्हतं. त्यापेक्षा त्यांनी माझ्या मुस्काटात दिली असती तरी चाललं असतं.

पुढचे तीन दिवस सकाळी नऊ वाजता दाजी पुन्हा पलंगाच्या कडेला बसले. ताई दारात उभी राहायची आणि आत यायची नाही. मी दुकान बंद करून बाहेरच्या पायरीवर बसून राहायचो. माझा काही उपयोग नव्हता, पण घरी बसवत नव्हतं.

चौथ्या दिवशी ते दुकानात आले. हातात नवा मजकूर. 'शुद्धिपत्रातील दुरुस्ती क्रमांक सात मी स्वतः तपासली असून ती बरोबर आहे. ९९९९९९३७ या संख्येस ३७ ने पूर्ण भाग जातो. पान ८४, ओळ ११ येथे ९९९९९९९३७ असेच वाचावे.' खाली दोन जागा. एक 'तपासले', दुसरी 'वाचले'. कोणी मागितलं नव्हतं, कोणी वाट पाहत नव्हतं, कॉलेजात ते पुस्तक आता कोणाला सापडणारही नाही. मी टाईप केलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतः तीनदा तपासलं.

संध्याकाळी घरी वाचन झालं. दाजींसमोर माझी टाईप केलेली प्रत, ताईच्या हातात त्यांचा हस्तलिखित कागद. ती वाचत गेली, स्वल्पविराम, पूर्णविराम, सगळं. शेवटच्या आकड्याशी आली तेव्हा एकेक नऊ सावकाश, बोट ठेवून वाचला. सात झाले. तीन. सात. असेच वाचावे पूर्णविराम. आणि तिथे न थांबता, त्याच सपाट आवाजात पुढे म्हणाली, "हो पूर्णविराम."

पत्रात असा शब्द कुठेही नव्हता. मी वाकून पुन्हा बघितलं. दाजींनी मात्र मान वर केली नाही, समासात खूणही केली नाही. 'तपासले'पुढे सही केली आणि कागद ताईकडे सरकवला. 'वाचले'पुढची जागा मोकळी होती. तिथे तिने सही केली.